मंजूर भार

नौशीनने खोकी उघडली तेव्हा
मी आधी बिल मागितलं,
मशीनचं नव्हे, विजेचं.
मंजूर भार: दोन किलोवॅट.
आणि पडवीत, जाळ्यांच्या ढिगाशेजारी,
चार ग्राफिक्स कार्डं, चिऱ्याच्या कपच्यांसारखी जड,
एकेकाची भूक साडेचारशे वॅट.
वर प्रोसेसर, पंखे, पाण्याचा पंप.
मी पावतीच्या पाठीवर बेरीज मांडली
आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

"मिक्सरच्या प्लगवर चालेल ना, काका?"
चालेल की. पहिल्या रात्री.

चाललंही.
पण साखरी नाट्यात संध्याकाळी सातला
बर्फाच्या कारखान्याचे कॉम्प्रेसर सुरू होतात
आणि बंदरापासून मशिदीपर्यंत दिवे पापणी लववतात.
दोनशे तीस हे कागदावर.
माझ्या मीटरवर एकशे अठ्ठ्याहत्तर.
दाब उतरला की ही यंत्रं करंट जास्त ओढतात,
उपाशी माणूस भांडं खरवडतो तशी.
पडवीत टक् झालं. काळोख.
मग बराच वेळ नौशीनचं काहीच न बोलणं.
छत्तीस तासांच्या लाटा बुडाल्या होत्या.

हो, लाटाच.
पुण्याची कंपनी कुठल्याशा सिनेमासाठी
तिच्याकडून समुद्र करून घेते.
एकेक चित्र वीस मिनिटं शिजतं.
आणि समोर, दहा पावलांवर, फुकटात...
हे मी बोललो नाही.
मजुरी घेणाऱ्याने असलं बोलू नये.

भार वाढवायला राजापूरला तीन खेपा.
मग खांबापासून नवी वायर, आत जाड तांबं,
दोन पॉवर सप्लाय एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर;
बैल दोन असले तरी जू एकच लागतं.
प्रत्येक कार्डाला स्वतःची केबल.
एकीला दोन शेपट्या फोडून भागवायचं नाही,
टोक वितळतं, आणि तो वास
घरातून आठवडाभर जात नाही.
सगळ्यात वेळ खाल्ला खड्ड्याने.
जांभा वीज सहजी पोटात घेत नाही.
पुरुषभर खोल खणलं, कोळसा भरला, मीठ भरलं.
मीठ मात्र दुकानातून आणलं, किलोच्या पिशव्या,
समुद्राकडे पाठ करून.

कमालभाय तांडेल सगळं बघत होते, सुई-दोरा हातात.
"रात्रीचं डिझेल किती खाते?" एवढंच विचारलं.
बावीसशे वॅट, दहा तास, बावीस युनिट,
मी सांगितलं. त्यांनी जाळ्याला एक गाठ मारली.

लगाम शेवटी पोरीनेच शोधला.
चारही कार्डांना तीनशेवर थांबवलं:
भूक तिसरा हिस्सा उतरली,
वेग शंभरातला सात-आठच.
"होडीचं तसंच," कमालभाय म्हणाले,
"शेवटच्या दोन नॉटांना निम्मं डिझेल जातं.
पण पोरगं तांडेल झालं की आधी तेच दोन नॉट मागतं."

आता सगळं मिळून सोळाशे.
म्हणजे फ्रीज बंद ठेवला असता
तर जुन्या मंजूर भारातही बसलं असतं.
राजापूरच्या खेपा मी बिलात लावल्या नाहीत.

काल अर्थिंग तपासायला गेलो.
खाऱ्या हवेने दोन महिन्यांत बोल्ट हिरवा केलेला;
घासला, ग्रीस लावलं.
आत पडद्यावर तिची लाट उभी होती,
काचेसारखी, माथ्यावर फेस,
मला तर अंगावर पाणी उडेलसं वाटलं.
कमालभायनी चष्मा वर केला.
"वारा जमिनीवरून सुटलाय ना?
मग फेस किनाऱ्याकडे कसा उडतो?"

नौशीन पडद्याकडे बघत राहिली,
मग दाराबाहेर, मग पुन्हा पडद्याकडे.
एकशे चाळीस चित्रं पुसली.
पंचाहत्तर युनिटं, मी मनात म्हटलं.
बाहेर येऊन विहिरीची एक बादली
अर्थिंगच्या खड्ड्यात ओतली.
पाठीमागे पंखे हळूहळू चढत गेले.
सातला अजून वीस मिनिटं होती.